तीन रकाने जास्त

दुपारी तीनला फोन लागला की मी आधी विचारायचे, "ताई, सुई ओवली का?" आणि कोलशेतहून उत्तर यायचं, "ओवली. बोल."

मग मी सुरू व्हायचे. "ओळ चाळीस. डावीकडून. पापड सात, शंकरपाळी दोन, लाडू एक, परत पापड तीन, समोसा चार." प्रत्येकाला पलीकडून "हं". हे आमच्या शेजारणीने एकदा दारातून ऐकलं आणि लिफ्टमध्ये मला अगदी गंभीरपणे विचारलं, तुम्ही फराळाच्या ऑर्डरी घेता का. मी म्हटलं हो, पण चकलीला वेळ लागेल. सरळ विचारलेल्याला सरळ उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही, आणि पुढे जे झालं त्यात या स्वभावाचाही हात आहेच.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मोठे दीर गेल्यापासून कोलशेतला चौथ्या मजल्यावरच्या घरात एकट्या राहायच्या. मुलगा बंगळुरूला. मी डोंबिवली पूर्वेला, नवरा, मुलगी आणि माझ्या नाकावरचा राग अशा चौघांच्या कुटुंबात. ताईंच्या हातात क्रॉस स्टिच लग्नाआधीपासूनचं. मॅटीच्या कापडावर बारीक बारीक फुल्या मारत जायच्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यातून मोर, राधाकृष्ण, असलं काहीतरी उभं राहायचं. आमच्या घराण्यातल्या एकाही मुलीचं रुखवत त्यांच्या फ्रेमशिवाय मांडलं गेलेलं नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच विषय काढला. "रुखवतात माझं चित्र हवंच." चित्र मुलीने नेटवरून निवडलं. विलायतेतल्या कुठल्याशा खेड्यातलं घर, उतरतं छप्पर, धुराडं, पुढे फुलांचा ताटवा, तळ्यात दोन बदकं. आपल्याकडे रुखवतात धुराड्याचंच घर का लागतं हे मला आजवर कळलेलं नाही, पण असो. एकतीस रंग होते. चार्टची चार पानं, वर दोन आणि खाली दोन, पानाला साठ रकाने आणि ऐंशी ओळी, आणि प्रत्येक चौकोनात एक खूण. खूण म्हणजे रंग. रिकामा गोल आला की फिकट निळा दोरा, भरीव गोल आला की विटकरी, असं.

आता ताईंना मधुमेह. डोळ्यांच्या पडद्याला सूज आलेली, डाव्या डोळ्यात इंजेक्शनं झालेली. उजवा बरा होता. भिंगाच्या दिव्याखाली मॅटीची भोकं त्यांना स्वच्छ दिसायची आणि टाका जिथे पडायचा तिथेच पडायचा. अडचण वेगळीच होती. चार्टवरची खूण बघून नजर कापडावर आणेपर्यंत जागा हरवायची, आणि कापडावरून परत चार्टवर जाईपर्यंत खूण. डॉक्टर म्हणालेले, दिसतंय तोवर खुशाल करा, डोळे काही वापरून झिजत नाहीत. मुलाला ते पटत नव्हतं. तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकच लावून धरायचा, आई, एकटी राहू नकोस, इकडे ये. आणि ताई दर रविवारी कापड कॅमेऱ्यासमोर धरायच्या. "हे बघ. एवढंसं भोक मला दिसतं, मग गॅसचं बटण दिसणार नाही का रे?"

म्हणजे ते चित्र नुसतं माझ्या मुलीच्या रुखवताचं नव्हतं. ताई त्यांच्या घरात राहू शकतात की नाही, याचा तो पुरावा होता, आठवड्याच्या आठवड्याला सादर होणारा. आणि मला हे माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला माहीत नव्हतं अशी पळवाट माझी मलाच राहायला नको.

फोनवर बोलायची कल्पना माझी. चार्ट माझ्याकडे, कापड त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी मी "तिरका रिकामा चौकोन दोन, खाली टोक असलेला त्रिकोण चार" असं म्हणता म्हणता दमले. ताई म्हणाल्या, "अगं, तिरका चौकोन काय म्हणतेस, शंकरपाळी म्हण की." मग रिकामा गोल पापड झाला, भरीव गोल लाडू, त्रिकोण समोसा, अर्धा गोल करंजी. एकतीस खुणांना नावं देताना फराळ संपला तेव्हा आम्ही भाजीबाजारात शिरलो. तिकडे त्यांनी थर्माकोलच्या एका लांब पट्टीत एकतीस सुया एकतीस दोरे ओवून त्याच क्रमाने टोचून ठेवलेल्या. मी "करंजी" म्हटलं की त्यांचा हात न बघता करंजीच्या सुईवर जायचा. तासाला एक-दीड ओळ व्हायची.

माझ्या बाजूला पेन्सिल आणि पट्टी. जी ओळ चाललीय तिच्याखाली पट्टी, बोलून झालेल्या खुणेवर बारीकशी रेघ. या कामात मी चोख. ठाण्यात एका ऑफिसात तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली, दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. घरातही तेच खातं माझ्याकडे. कोणाचं कुठे चुकलं हे ठरवायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघायचे आणि मला ते आवडायचं. ताईंचं खातं वेगळं. त्या वेंधळ्या. दूध उतू घालवणाऱ्या, देवळातून दुसऱ्याच्याच चपला घालून येणाऱ्या. सासूबाईंनी ते लेबल लावलं आणि आम्ही बाकीच्यांनी ते आयतं वापरलं. फक्त फुल्यांच्या कामात ताई कधी चुकल्या नव्हत्या. तिथे कोणी त्यांना काही बोलत नसे.

पहिलं पान दोन महिन्यांत झालं. दुसऱ्या पानाची पहिली ओळ सुरू केली तो दिवस मला नको तितका लख्ख आठवतो. लग्नाच्या हॉलची तारीख आमच्या हातून निसटत होती, हॉलवाल्याचे मेसेजवर मेसेज येत होते, आणि मी एका हाताने त्याला उत्तरं देत, दुसऱ्या हाताने पेन्सिल धरून फोन स्पीकरवर टाकून बोलत होते. मध्येच ताई म्हणाल्या, "जरा थांब गं. काहीतरी चुकतंय."

काय चुकतंय ते त्यांनी नीट सांगितलं. चार्टवर दर दहा रकान्यांनी एक जाड रेघ असते. ताई काम सुरू करायच्या आधी कापडावर दर दहा भोकांनी कच्चा दोरा घालून घ्यायच्या, म्हणजे चार्टवरची जाड रेघ आली की त्यांच्याकडे कच्चा दोरा यायलाच हवा. "तुझी जाड रेघ कुठे आली?" त्यांनी विचारलं.

"आत्ता. समोशानंतर."

"माझा दोरा तीन भोकं मागे राहिला. तीन रकाने जास्त होतायत."

मी हॉलवाल्याला 'ओके' लिहीत होते. मी म्हटलं, "ताई, चार्ट छापील आहे, तो कसा चुकेल? तुमचा कच्चा दोराच चुकला असणार. घालताना डोळ्याचं काहीतरी झालं असेल."

"असेल. मोजते परत."

मग फोनमधून त्यांचं मोजणं ऐकू येत राहिलं. एक, दोन, तीन, चार. हळूहळू, प्रत्येक भोकाला सुईचं टोक लावून. मधे थांबून परत पहिल्यापासून. पाच-सात मिनिटांनी म्हणाल्या, "दहाच येतायत मला."

आणि मी म्हटलं, "तुम्हाला दहा दिसतायत. पण ते नक्की दहाच आहेत का?"

मग कात्रीचा आवाज आला. "हा कच्चा दोरा काढूनच टाकते," त्या म्हणाल्या, "उगाच घोळ होतोय. तू बोलतेस तसं करत जाते." मी म्हटलं, हे बरं झालं. आणि पुढची करंजी बोलले.

पुढचे दोन महिने आम्ही त्या पानावर होतो. एक दिवस खंड नाही. वरच्या ओळींत नुसतं आकाश, मग धुराड्याचा धूर, मग छप्पर उतरायला लागलं. छपराचा शेंडा बरोबर दोन पानांच्या सांध्यावर. एका रविवारी मी कोलशेतला गेलेले, मुलीचा शालू ताईंना दाखवायला. मुलाचा कॉल आला. ताईंनी नेहमीसारखं कापड कॅमेऱ्यासमोर धरलं आणि तो म्हणाला, "आई, ते छप्पर असं काय? शेंड्याला पोक आल्यासारखं दिसतंय."

मी वाकून फोनमध्ये बघितलं. खरंच पोक होतं. जवळून काम करणाऱ्याला टाका दिसतो, चित्र दिसत नाही. एवढ्याशा स्क्रीनवर, हजार किलोमीटरवरून, त्याला ते पहिल्या फटक्यात दिसलं. डावीकडून छप्पर चढत आलं होतं, शेंड्याशी एक पायरी पडली होती, आणि मग ते उजवीकडे उतरत गेलं होतं.

ताईंनी कापड मांडीवर घेतलं, भिंगाचा दिवा ओढला आणि शेंड्यावरून बोट फिरवलं. "मला वाटलेलंच," त्या म्हणाल्या. "माझा दोरा चुकलेला. ही म्हणाली होती तेव्हाच मला."

मुलाने वाद घातला नाही. एरवी हमरीतुमरीवर येणारा मुलगा, त्या दिवशी अगदी हळू आवाजात म्हणाला, "राहू दे आई. होतं असं." मला तेव्हाच समजायला हवं होतं की त्याने मनातल्या मनात काहीतरी ठरवलं. ताईंना समजलं होतं. शालू बघताना त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला नाही, नुसता हात फिरवला आणि छान आहे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डायनिंग टेबलवर पान एक आणि पान दोन शेजारी शेजारी ठेवली. का ठेवली, सांगता येणार नाही. तीस वर्षांची सवय असेल. पहिल्या पानाचे शेवटचे तीन रकाने आणि दुसऱ्या पानाचे पहिले तीन रकाने. पापड, पापड, शंकरपाळी. पापड, पापड, शंकरपाळी. खाली उतरत गेले, प्रत्येक ओळीला तेच. तीन रकाने दोन्ही पानांवर होते.

मुलीच्या लॅपटॉपवर मूळ चार्ट उघडला. ते तीन रकाने फिक्कट करड्या पट्टीत होते आणि पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, करडी पट्टी फक्त पानं जुळवण्यासाठी, इथे टाके घालू नयेत. माझ्याकडची झेरॉक्स मोठी करून काढलेली, काळीपांढरी. रंगीत कशाला, म्हणून मीच काढायला सांगितलेली. त्यात करडा रंग उडाला होता. आणि तळाची सूचना? ती, ओळीखालची माझी पट्टी सरकवताना मध्ये यायची म्हणून मी कापून टाकली होती. माझ्या हाताने, स्वयंपाकघरातल्या कात्रीने.

ताईंचे दहा दहाच होते. त्यांनी पहिल्याच ओळीला, पहिल्याच दिवशी, बरोब्बर आकड्यासकट मला सांगितलं होतं, तीन रकाने जास्त होतायत. आणि मी त्यांना त्यांच्याच डोळ्यांबद्दल खोटं सांगून गप्प केलं होतं.

तीन वाजले. मी फोन लावला. "ताई, सुई ओवली का?"

"नाही गं. उसवतेय," त्या म्हणाल्या. आणि मग, "रागावू नकोस हं. माझ्यामुळे लग्नापर्यंत होतंय की नाही कोण जाणे."

हीच वेळ होती. तोंडातून चार शब्द काढायचे होते. मी म्हटलं, "छे हो, रागवायचं काय त्यात. होईल."

मी मूग गिळून बसले. तेव्हा स्वतःला काय काय सांगितलं तेही लिहिते. लग्नाची घाई आहे, आत्ता नको. फोनवर कशाला, समोर बसून सांगू. उसवायचं तर आहेच, चूक कोणाची का असेना. ही सगळी कारणं मी ऑफिसात दुसऱ्या कोणाच्या कागदावर वाचली असती तर लाल पेनाने रेघ मारली असती. खरं कारण एवढंच की ताई वेंधळ्या आणि मी चोख, ही मांडणी मोडायला माझी जीभ उचलत नव्हती.

तीन आठवडे त्या उसवत होत्या. एकेक फुली, छोट्या कात्रीने, कापडाला धक्का न लावता. मग आम्ही दुसरं पान परत सुरू केलं आणि मी ते तीन रकाने गुपचूप गाळले. त्यांनी विचारलं, "कच्चा दोरा परत घालू का?" मी म्हटलं घाला. पहिली जाड रेघ आली आणि त्या खुशीत म्हणाल्या, "जुळला बघ. या वेळी नीट घातला मी." मी म्हटलं, "हो, या वेळी नीट झालंय." हे वाक्य मी खरंच उच्चारलं.

पण पूर्वीचा वेग परत आला नाही. त्या आता प्रत्येक टाक्याला तीनदा मोजायच्या. "हं" यायला वेळ लागायचा, त्याआधी पुटपुटणं ऐकू यायचं. लग्नाची तारीख आली तेव्हा दुसरं पान कसंबसं संपलं होतं. तळं, बदकं, फुलांचा ताटवा, खालची दोन्ही पानं कोरी. अर्धं घर रुखवतात मांडता येत नाही.

लग्न कल्याणच्या हॉलमध्ये झालं. मी रुखवताच्या टेबलावर साखरेचे कळस सरळ करत होते आणि शेजारी ताई माझ्या विहीणबाईंना सांगत होत्या, "इथे मधोमध माझं चित्र असायचं हो. माझ्या डोळ्यांनी घात केला. हिने बिचारीने रोज तास तास बसून मला वाचून दाखवलं." विहीणबाई माझ्याकडे कौतुकाने बघून म्हणाल्या, अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं. मी कागदाचा एक गुलाब या ताटातून त्या ताटात ठेवला. मग परत पहिल्या ताटात ठेवला. मुलगी नटूनथटून आली आणि ताईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "मोठी काकू, नंतर दे ना, मी कुठे पळून चाललेय?" ताई हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी जेवताना पानातलं मीठ कुठे वाढलंय ते शेजारणीला विचारलं.

लग्नानंतर तीनचा फोन मी लावायचे आणि त्या म्हणायच्या, "आज राहू दे." मग रोजच राहू दे. मग दुसऱ्याच वेळेला त्यांचेच फोन यायला लागले. "अगं, मी गॅस बंद केला असेन ना?" मी डोंबिवलीत बसून काय सांगणार? कोलशेत गावातल्या एका कोळणीकडून त्या वर्षानुवर्षं मासे घ्यायच्या, कल्ले उचकटून बघायच्या, घासाघीस करायच्या. तेही सोडलं. म्हणाल्या, कल्ले लाल आहेत की नाहीत हे आता माझं मला सांगता येत नाही. कोळणीने घरी येऊन विचारलं, ताई, माझं काय चुकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा डोळा होता तसाच आहे, काही बिघडलेलं नाही. ताई म्हणाल्या, मशीनला काय कळतंय. आणि एका रविवारी मुलाने काही म्हणायच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं, "येते मी तिकडे." घर भाड्याने द्यायचं ठरलं, पहिल्या तारखेपासून.

मला हे त्यांनी फोनवर सांगितलं, आनंदाची बातमी द्यावी तशा आवाजात. फोन ठेवल्यावर मी दोन दिवस घरात सगळ्यांवर डाफरत होते. नवरा म्हणाला, जाऊ जाणार म्हणून तू एवढी चिडचिड करशील असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी चार्टची पहिली दोन पानं पिशवीत घातली आणि टॅक्सी केली.

शीळफाट्याला पाऊण तास अडकले. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मी मागच्या सीटवर बसून वाक्यं जुळवत होते. "ताई, एक गंमत झाली" इथून सुरुवात केली, ती खोडली. "झेरॉक्समध्ये घोटाळा झाला" हेही खोडलं. ट्रॅफिक सुटला तेव्हा माझ्याकडे एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

घरात खोकी बांधलेली होती. मी पलंगावर दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि सांगितलं. जसं झालं तसं, कात्रीसकट. ताई उठल्या, एक खोकं उघडलं, भिंगाचा दिवा बाहेर काढला, प्लग लावला आणि कागदांवर ओढला. बोट एकेका चौकोनावरून फिरायला लागलं. "पापड, पापड, शंकरपाळी," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या पानावर. "पापड, पापड, शंकरपाळी."

बोट पानाच्या तळापर्यंत गेलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दहाच होते."

"हो."

"मला दहाच दिसत होते."

"हो, ताई."

"तुला कधी कळलं?"

इथे थोडं इकडे तिकडे करता आलं असतं. मी म्हटलं, "छपराचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी उसवत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"लग्नात माहीत होतं."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर. "अरे, ते छपराचं माझं चुकलं नव्हतं. काकूच्या कागदात चूक होती. माझे दहा बरोबर होते." तो ऑफिसात असावा. म्हणाला, "बरं आई. पण आता त्याचं काय? तिकीट काढलंय, भाडेकरू येतायत." ताई म्हणाल्या, "काही नाही. तुला माहीत असावं म्हणून." मी म्हणत होते, कागदात नाही, माझी चूक, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता. एवढं झाल्यावरही त्यांनी मला मुलासमोर झाकलं, आणि मी हॉलभर माणसांत त्यांना झाकलं नव्हतं.

त्यांनी चहा टाकला. माझ्या कपात दीड चमचा साखर घातली, नेहमीसारखी. मी म्हटलं, "जाऊ नका ताई. मी बोलते त्याच्याशी, सगळं नीट सांगते. भाडेकरूंनाही सांगता येईल."

"अगं, डोळ्यांचं सोडून दे," त्या म्हणाल्या. "आता मी गॅस बंद करते, बटण हाताने चाचपते, आणि तरी मला तो बंद वाटत नाही. हे तू त्याला सांगून जाणार आहे का?"

मी चहा प्यायले. चांगला झाला होता.

त्या गेल्या. जाताना कापड एका जुन्या सुती साडीत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवलं होतं, मी बघितलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. तीन आठवडे फोन नाही. मीही केला नाही. दुपारी तीनला मी स्वयंपाकघराचा ओटा पुसत बसायचे, पुसलेला परत पुसायचे.

मग एका मंगळवारी बरोब्बर तीनला फोन वाजला. बंगळुरूहून. "चार्ट आहे का जवळ?"

"आहे," मी म्हटलं. तो ड्रॉवरमध्ये होता, मी धावत जाऊन काढला.

"सुई ओवलीय. बोल."

मी पट्टी शोधली, पेन्सिल शोधली. घसा साफ केला. "पान तीन. वरच्या तीन ओळी सोडायच्या, त्या पहिल्या पानावर होऊन गेल्यात. ओळ चौथी. डावीकडून. पापड सात."

"हं" आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"नक्की?" ताई म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, मी ओळखते त्यांना, टोमणा त्यांना मारता येत नाही. त्या खरंच विचारत होत्या.

"सात," मी म्हटलं.

"परत मोज."

मी परत मोजले. "सात."

"हं. पुढे."

"शंकरपाळी दोन."

"नक्की?"

त्या दिवशी दोन तासांत एक ओळ झाली. आता आम्ही तिसऱ्या पानाच्या मध्यावर आहोत, तळ्याचा काठ लागलाय. मुलगी विचारते, काय गं, कधी होणार माझं चित्र, आणि मी सांगते, होईल. रोज तीनला फोन येतो आणि ताई एकाही आकड्याला विचारायचं सोडत नाहीत. पूर्वी त्या माझ्या एका शब्दावर सुई खुपसायच्या. आता मी पेन्सिलीचं टोक पहिल्या खुणेवर ठेवते आणि मोठ्याने मोजते, एक, दोन, तीन, चार, बंगळुरूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.